आधी मागचा एक्सल, मग क्लच

साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार बाळगणाऱ्याला कधी ना कधी क्लच बदलावाच लागतो. चौथ्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र जागच्या जागी राहतो. प्लेट संपली, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. मग सुट्या भागांचा कॅटलॉग उघडतो आणि परवडेल त्यातला सगळ्यात दणकट क्लच मागवला जातो. मागच्या एक्सलमधल्या क्राउन-पिनियनचा विषय निघतो तो बराच नंतर, पैसे पुन्हा जमले की. हा क्रम उलटा आहे. एक्सलचा आकडा ठरल्याशिवाय क्लचला नेमकं किती काम पडणार आहे, हेच कळत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच गाडी समोर ठेवू: १९६९ ची शेव्हरले शेव्हेल एसएस ३९६. इंजिन ३५० हॉर्सपॉवरचं, टॉर्क ४१५ पौंड-फूट. हे आकडे त्या काळच्या मोजणीतले, म्हणजे इंजिन एकटंच चाचणीच्या बाकावर चढवून काढलेले. रस्त्यावर प्रत्यक्ष हाती येणारी ताकद त्याहून कमी. चार गिअरांचा मन्सी गिअरबॉक्स, मागे जनरल मोटर्सचा बारा बोल्टांचा एक्सल, त्यात ३.३१ चे गिअर आणि साधारण २६ इंच उंचीचे टायर. ३.३१ चा अर्थ एवढाच की प्रोपेलर शाफ्टचे ३.३१ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. क्राउनला ४३ दाते, पिनियनला १३.

या गाड्या कशासाठी जन्मल्या ते विसरून चालणार नाही. १९६४ साली पॉन्टिॲकने मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं मोठं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि डेट्रॉईटच्या सगळ्या कंपन्या त्या वाटेला लागल्या. या गाड्यांचं खरं मैदान दोन ठिकाणी होतं. एक पाव मैलाची ड्रॅग स्ट्रिप. दुसरं डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूसारखे रुंद, सरळ रस्ते, जिथे रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंतच सगळा निकाल लागायचा. १९७० साली पेट्रोल गॅलनला चाळीस सेंटांच्याही खाली होतं. इंजिन किती फेरे मारतंय याची फिकीर कोण करणार? त्या जमान्यात ४.१० चा एक्सल ही मिरवायची गोष्ट होती. तरी कंपनीला दोन प्रकारचं गिऱ्हाईक ठाऊक होतं. १९७० च्या शेव्हेलमधलं एलएस६ इंजिन, ४५४ घन इंचांचं आणि ४५० हॉर्सपॉवरचं, ३.३१ किंवा ४.१० असल्या दोन टोकांच्या एक्सलसह मिळत असे. एक लांब जाणाऱ्यासाठी, एक पाव मैल जिंकणाऱ्यासाठी.

पुढे १९७३ चं तेलसंकट आलं, ताशी ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा आली, ती १९९५ मध्ये उठली. आज हीच शेव्हेल रविवारी सकाळी बाहेर पडते, ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला मुंगीच्या पावलांनी सरकते आणि परतताना आंतरराज्य महामार्गावर ट्रकांच्या रांगेत ताशी ६५-७० मैलांनी धावते. वापर असा पार बदलला. गिअरांबद्दलची ऐकीव शहाणपणं मात्र १९६९ चीच आहेत.

आता हिशेब. ताशी मैलांना एक्सलच्या आकड्याने आणि ३३६ ने गुणायचं, टायरच्या इंचांतल्या उंचीने भागायचं, की थेट चालणाऱ्या चौथ्या गिअरातले इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. ताशी ६५ मैलांना ३.३१ वर सुमारे २,७८० फेरे पडतात, ३.५५ वर २,९८०, ३.७३ वर ३,१३० आणि ४.१० वर ३,४४०. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण तासभर ३,४४० फेऱ्यांवर बसलेल्या माणसाला विचारा. सायलेन्सरची घुमघुम डोक्यात शिरते, शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं, पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाव मैलाच्या शेवटी ही गाडी ताशी १०३ मैलांवर पोचते असं धरू. ३.३१ वर तेव्हा चौथ्या गिअरात इंजिन जेमतेम ४,४०० फेऱ्यांवर असतं, आणि त्याची सर्वाधिक शक्ती तर ५,२०० ला. म्हणजे अंतिम रेषा येते तेव्हा इंजिन अजून कमरेतून पुरतं वाकलेलंही नसतं. ४.१० वर तेच इंजिन ५,४५० च्या आसपास, शिखर नुकतंच ओलांडून, सगळं देऊन मोकळं झालेलं असतं. याच ३९६ च्या ३७५ हॉर्सपॉवरच्या एल७८ प्रकाराची शक्ती तर ५,६०० फेऱ्यांवर फुलते. खालच्या फेऱ्यांत ते कुरकुरतं. त्या इंजिनामागे ४.१० असावा असं कोणी म्हटलं तर त्याला हौशी म्हणून उडवून लावता येत नाही. तो बरोबरच सांगतो आहे, फक्त ते आपल्या गाडीबद्दल असेलच असं नाही.

इथे बहुतेक चर्चा थांबते: महामार्ग की ड्रॅग स्ट्रिप. खरी मेख गाडी जागची हलवताना आहे, आणि तिथेच क्लच या हिशेबात शिरतो.

मन्सीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एम२० चा पहिला गिअर २.५२ चा, तर एम२१ चा २.२० चा. एम२१ मध्ये गिअरांमधली अंतरं कमी, त्यामुळे शर्यतीत गिअर बदलताना इंजिन फार खाली पडत नाही. किंमत चुकवावी लागते ती सुरुवातीला. पहिल्या गिअरला एक्सलने गुणा. एम२० आणि ३.३१ मिळून ८.३४. तोच एम२० ३.७३ सोबत ९.४० होतो, ४.१० सोबत १०.३३. एम२१ आणि ३.३१ यांची जोडी मात्र ७.२८ वरच अडकते. रस्त्यावरच्या जड गाडीला हा गुणाकार नऊ ते साडेदहाच्या दरम्यान असला की ती सुखाने उठते, असा जुन्या जाणत्यांचा अनुभव आहे आणि तो बहुतांशी खरा ठरतो.

का, ते पाहू. क्लच सोडताना इंजिनाचे फेरे आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे जुळेपर्यंत प्लेट घसरत राहते. इंजिन १,००० फेऱ्यांवर धरलं, तर ८.३४ च्या गुणाकारात हे जुळणं गाडी ताशी सव्वानऊ मैलांवर गेल्यावर होतं. ९.४० मध्ये सव्वाआठला, १०.३३ मध्ये साडेसातला आणि ७.२८ मध्ये थेट साडेदहाच्या पुढे. सपाट रस्त्यावर, इंजिनाचा वेग कायम ठेवला तर, या घसरणीत प्लेटमध्ये जिरणारी उष्णता साधारण त्या क्षणी गाडीत आलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि ती ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून ३.३१ च्या जागी ३.७३ बसवला की प्रत्येक सिग्नलला प्लेट जवळपास एक-पंचमांश कमी तापते. एम२१ व ३.३१ ची जोडी मोडून एम२० व ३.७३ केली, तर उष्णता साधारण चाळीस टक्क्यांनी उतरते. क्लचला हातही न लावता त्याचं आयुष्य वाढवण्याचा हा मार्ग कॅटलॉगात कुठेच छापलेला नसतो, कारण त्यातून क्लच खपत नाही.

क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते: अस्तराचं घर्षण, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. अकरा इंची प्लेट, साध्या सेंद्रिय अस्तराचं घर्षण पाव किंवा जरा वर आणि दाब समजा २,४०० पौंड. दोन पृष्ठभाग धरून पकड ४७० पौंड-फुटांच्या आसपास येते. ४१५ च्या इंजिनाला हे पुरतं, आणि ते ४१५ सुद्धा बाकावरचे. मग सातशे-आठशे पौंड-फुटांचा क्लच कशाला? समर्थक म्हणतात, तापल्यावर घर्षण घटतं, उद्या इंजिन वाढवलं तर पुन्हा खर्च नको, आणि जास्त पकड असण्यात बिघडतं काय?

पहिला मुद्दा ग्राह्य आहे. वीस-तीस टक्के जादा पकड हवीच. दुसरा बहुधा स्वतःची समजूत घालण्यासाठी असतो. तिसऱ्यात मात्र पुष्कळ बिघडतं. दाब वाढवला की डावा पाय भरून येतो, आणि या गाड्यांत पेडल ते क्लच सगळी जोडणी लोखंडी दांड्यांची. त्यातला झेड-बार वाकतो किंवा त्याची खुंटी झिजते. दाबाऐवजी सिरॅमिक अस्तराने घर्षण वाढवलं तर पेडल हलकं राहतं, पण क्लच हळुवार धरेनासा होतो. चढावर रिव्हर्स घेताना गाडी थरथरते, रांगेत पुढे सरकताना हिसके देते. एका बाजूला सेंद्रिय आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अशी मिश्र प्लेट मिळते. तडजोड म्हणून ती वाईट नाही. केव्हलारचं अस्तर खूप टिकतं, पण ते शेकडो मैल शहरात सांभाळून रुळवावं लागतं, आणि एकदा जास्त तापून चकाकलं की पूर्वीसारखं धरत नाही. दोन प्लेटांचा क्लच हा खरा देखणा उपाय आहे. घासणारे पृष्ठभाग दोनाचे चार होतात, त्यामुळे कमी दाबात, हलक्या पेडलवर, भरपूर पकड मिळते. अडचण एकच: किंमत. ४५४ ला आणखी फुगवलेल्या माणसाने तो घ्यावा. ३५० हॉर्सपॉवरच्या गाडीत तो चैन आहे.

प्रेशर प्लेटच्या जातींवरूनही जुने वाद आहेत. शेव्हरले डायफ्रामवाली, क्राइस्लर बहुधा बोर्ग अँड बेक पद्धतीची, फोर्ड लाँग पद्धतीची. डायफ्रामचं पेडल अर्ध्यानंतर हलकं होतं, बाकी दोघींच्या गुंडाळी स्प्रिंगा तळापर्यंत प्रतिकार करतात. लाँग पद्धतीत बोटांवर वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि दाब वाढतो, म्हणून मूळ स्प्रिंग सौम्य ठेवता येते. ड्रॅगवाल्यांना ती आवडते ते उगाच नाही. डायफ्रामवर जुना आक्षेप असा की खूप वरच्या फेऱ्यांवर पेडल तळाशी चिकटून राहतं. आक्षेप खोटा नव्हता, आणि शेव्हरलेने त्यावर वाकड्या बोटांचा डायफ्राम काढला. रस्त्यावरच्या वापरात मला तरी डायफ्राम सोडायला कारण दिसत नाही. मात्र वाकड्या बोटांना आखूड रिलीज बेअरिंग लागतं आणि सपाट बोटांना लांब. ही अदलाबदल झाली की क्लच सुटतच नाही किंवा धरतच नाही, आणि दोष नव्या प्लेटच्या माथी मारला जातो.

जास्त पकडीचा आणखी एक तोटा गाडीच्या दुसऱ्या टोकाला दिसतो. १९६९ चे टायर पकडीला यथातथाच होते. क्लच झटक्यात सोडला की चाकं जागेवर फिरायची आणि बाकी सगळं वाचायचं. आजचे चिकट टायर आणि सिरॅमिक क्लच एकत्र आले की घसरायला कोणी उरत नाही. तो धक्का युनिव्हर्सल जॉइंट, पिनियनचे दाते आणि एक्सलचे शाफ्ट खातात. बारा बोल्टांचा एक्सल दणकट आहे, क्राउन ८.८७५ इंचांचा, पण शाफ्ट आत सी आकाराच्या चकतीने अडकवलेले असतात, आणि शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येतो. एक्सलचा आकडा वाढतो तसे पिनियनचे दातेही घटतात: ३.३१ ला तेरा, ३.७३ ला अकरा, ४.१० ला दहा. क्राउन तेवढाच राहून पिनियन लहान होतो. म्हणजे ४.१० आणि राक्षसी क्लच ही जोडी वरून शोभत असली तरी तीच एकमेकांना सगळ्यात जास्त छळते. क्लचने थोडं घसरावं, ही त्याची लबाडी नव्हे, कामच आहे.

इतर कंपन्यांच्या मालकांचं गणित थोडं वेगळं. फोर्डच्या नऊ इंची एक्सलचा मधला गोळा पुढून अख्खा निघतो, त्यामुळे दोन आकड्यांचे दोन गोळे बाळगून गरजेनुसार बदलणारे लोक आहेत. त्यात पिनियन बराच खाली बसतो, म्हणून घर्षणात शक्ती जरा जास्त जाते. क्राइस्लरने हेमी इंजिनासोबत दिलेला डाना ६०, पावणेदहा इंची क्राउनचा, मोडायला कठीण आणि उचलायलाही. त्यांच्यासाठी क्लचचा हिशेब मात्र तोच.

बारा बोल्टांत पैशाची एक सीमारेषा आहे. ३.०८ ते ३.७३ हे सगळे गिअर डिफरन्शिअलच्या एकाच कॅरिअरवर बसतात, ४.१० पासून पुढे दुसरा कॅरिअर लागतो, नाहीतर जाड क्राउन शोधावा लागतो. पॉझिट्रॅक्शन, म्हणजे दोन्ही चाकांना ओढ देणारं डिफरन्शिअल, असेल तर ते युनिटही त्यासोबत बदलणं आलं. म्हणून ३.३१ वरून ३.७३ ला जाणं परवडतं आणि परत येणंही. मूळ अवस्था जपणाऱ्यांनी इथे जरा नीट ऐकावं. एक्सलच्या नळीवर कारखान्याचा कोड ठोकलेला असतो, तो तसाच राहतो. काढलेले ३.३१ चे गिअर तेल लावून खोक्यात ठेवले की गाडीचं काहीच कायमचं बदलत नाही. ज्यांची गाडी कागदपत्रांसह, क्रमांक जुळणारी आणि प्रदर्शनासाठीच आहे, त्यांनी मुळात काही बदलूच नये. त्यांचा क्लच झिजणारच नाही.

पाच गिअरांचा आधुनिक गिअरबॉक्स हा तिसरा पक्ष, आणि तो आता दुबळा राहिलेला नाही. ट्रेमेकच्या टीकेएक्सचा २.८७ चा पहिला आणि ०.६८ चा पाचवा गिअर असलेला प्रकार ३.७३ सोबत लावला, तर सुरुवातीचा गुणाकार १०.७ होतो आणि ताशी ६५ मैलांना इंजिन २,१३० फेऱ्यांवर शांत बसतं. ४.१० वाल्याची उठाण आणि ३.३१ वाल्याच्याही पलीकडची स्वस्थता, दोन्ही एकाच गाडीत. खर्च मात्र क्लच आणि गिअर मिळून होईल त्याच्या कितीतरी पट, आणि मन्सीचा तो रांगडा सूर गेला तो गेलाच. वर्षाला हजारो मैल चालवणाऱ्याला हा सौदा लाभतो. महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याने तो करू नये, असं माझं मत आहे. पण ज्याला तो पुढे करायचाच आहे त्याने आजच ३.७३ घ्यावा, तोच आकडा दोन्ही गिअरबॉक्सना चालतो.

तेव्हा एम२० असलेल्या या शेव्हेलसाठी माझा कौल असा: महामार्ग जास्त असेल तर ३.५५, शहर आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिप असेल तर ३.७३. त्यासोबत अकरा इंची सेंद्रिय प्लेट, डायफ्राम, पकड इंजिनाच्या टॉर्कपेक्षा पाव पट जास्त, आणि फ्लायव्हील जड लोखंडाचंच. हलकं ॲल्युमिनिअमचं फ्लायव्हील मोठ्या आकड्याच्या एक्सलला शोभतं, ३.३१ वर ते सिग्नलला इंजिन बंद पाडायला लावतं. एम२१ असेल तर ३.७३ च्या खाली उतरू नये. तिथेही गुणाकार ८.२१ च राहतो. ४.१० त्यानेच घ्यावा ज्याची गाडी स्ट्रिपवर ट्रेलरवरून जाते, किंवा ज्याच्या घराच्या आसपास महामार्गच नाही.

ऑर्डर देण्याआधी दाते मोजावेत. अकरा इंची क्लचला १६८ दात्यांचं फ्लायव्हील लागतं, १५३ दात्यांवर तो बसत नाही, आणि दोघांचे स्टार्टरही वेगळे. ३९६ चं फ्लायव्हील समतोल असतं, ४५४ च्या फ्लायव्हीलवर मुद्दाम वजन ठेवलेलं असतं; उसनं आणलं तर गाडी दात खिळखिळे करील. मन्सीच्या शाफ्टला जुन्यात दहा खाचा, १९७१ पासून सव्वीस, प्लेट त्याप्रमाणेच घ्यावी. जुन्या प्लेटची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, त्या काळच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. बेलहौसिंगचं भोक क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळतंय का, ते डायल लावून पाहावं. पाच हजारांश इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर सरकत्या मध्याच्या डॉवेल पिना घालाव्यात, नाहीतर कितीही चांगला क्लच थरथरेल. नवे क्राउन-पिनियन बसवणाऱ्याकडून दात्यांमधली मोकळीक मोजून घ्यावी, पहिले वीसेक मैल हळू चालवून एक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा. आणि स्पीडोमीटरचा छोटा प्लॅस्टिकचा गिअर त्याच दिवशी बदलावा, ३.३१ चा तसाच ठेवला तर ३.७३ वर काटा ताशी ६५ ऐवजी ७३ दाखवेल.